अंगठ्याचं मुंगूस

कातडं गाडीच्या सीटकव्हरचं, तपकिरी, नकली,
शुक्रवारच्या बाजारात पाऊण दिनारला पटवलेलं.
पाठीचा कणा म्हणजे रोलिंग शटरची जुनी स्प्रिंग.
मिशा बूटपॉलिशच्या ब्रशच्या.
डोळे तुटलेल्या तसबीहचे दोन मणी,
म्हाताऱ्या दुकानदाराने ते फुकट दिले. म्हणाला,
यांनी पुष्कळ ऐकून ठेवलंय, जपून वापर.

असं हे माझं मुंगूस.
नाव दामू.
वजन दोनशे दहा ग्रॅम,
जीव घातला की थोडं जास्त.

जीव घालायची जागा पोटाखाली.
तिथे उजवा अंगठा शिरतो
आणि आठवडाभर एसीचे कॉम्प्रेसर उघडणारा हात
हुंगायला लागतो.
मान वळवतो, थबकतो,
पत्त्यांचा कॅट पुढे केला की नाक मुरडतो,
राजा टाकतो, एक्का टाकतो,
आणि तुम्ही मनात धरलेली चौकटची सत्ती
दातांत धरून पिशवीतून वर येतो.

मंगफच्या कॅम्पात खोलीत आम्ही नऊजण.
स्प्रिंग कुणी कापली, शेपूट कुणी शिवली,
सगळ्यांना ठाऊक.
तरी सिबीचन रात्री पिशवीपाशी बिस्किटाचा तुकडा ठेवायचा
आणि सकाळी मुंग्या लागल्या की दामूवरच डाफरायचा,
खायचं नव्हतं तर सांगायचं!

विमानतळावर एकदा पिशवी बाजूला काढली.
जनावर?
खेळणं, साहेब.
दाखव.
अंगठ्याला घाम. दामू खरोखरीच थरथरला,
वर आला, आणि शिक्क्याच्या शाईचा वास घेऊन शिंकला.
साहेबाने मागची रांग पाहिली, घड्याळ पाहिलं,
मग हळूच म्हणाला,
पुन्हा.

लहानपणी आमच्या आळीत गारुडी यायचा.
साप-मुंगसाची झुंज लावतो म्हणायचा,
टोपली हलवायचा, चिल्लर गोळा करायचा,
झुंज काही लावायचा नाही.
लबाड, असं मी तेव्हा ओरडलो होतो.
आता वाटतं, त्याच्याकडे मुंगूस एकच असणार.

ऑगस्टात फहाहीलला, एका इमारतीच्या गच्चीवर,
पंखा बंद आहे म्हणून मी आत हात घातला.
खाली कुणीतरी बटण दाबलं.
अंगठ्याचं वरचं पेर गेलं.
दवाखान्याच्या फॉर्मवर टक्केवारीचा रकाना होता:
हात किती टक्के निकामी.
डॉक्टरांनी आकडा लिहिला.
दामूचं कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबरात मुकादमांकडे वाढदिवस. माणसं दापोलीची.
सुपारी आधीची, नाही कसं म्हणणार?
दामू वर आला तो लंगडत.
एका बाजूला कलला, सावरला, पुन्हा कलला,
आणि सत्तीऐवजी भलताच गुलाम घेऊन उभा राहिला.
पोरं गप्प.
मी विनोद शोधत होतो.

आफरीनने पत्त्याकडे पाहिलंच नाही.
"काका, येच्या पायाला काय झालाय?"

"कंपनीत लागलं," तोंडातून निघून गेलं.

"मग रजा दिलान् काय?"

आतून बायका हसल्या.
सोफ्यावरचे पुरुष हसले नाहीत,
एकाने चहाचा कप उगाच फिरवला.
"दिली," मी म्हटलं, "अर्ध्या पगारी."

तिने केकच्या खोक्याची लाल फीत आणली.
दामूला पाय असे नाहीतच, नुसती झालर आहे.
तिने चाचपत चाचपत जागा शोधली
आणि गाठ मारली
ती नेमकी माझ्या तुटक्या पेरावर,
कातड्याच्या अलीकडून.

दामू वाकला, तिचा हात हुंगत राहिला,
बराच वेळ.
मी त्याला तसं काही सांगितलं नव्हतं.

चौकटची सत्ती अजून सापडलेली नाही.